हातावर ठेवलेले अडीच लाख



भागीदारीपत्रावरील गेल्या लेखानंतर तीन-चार वाचकांनी एकच विषय सुचविला : दुकानात किंवा गोदामात काम करताना नोकराला अपघात झाला, तर मालकाची जबाबदारी कोठपर्यंत? एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिले आहे, ‘आपण माणुसकीने द्यायचे ते देतोच; मग कायद्याचा प्रश्न येतो कोठे?’ मी वकील नाही, त्यामुळे कलमांच्या क्रमाने उत्तर देण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. बँकेच्या टेबलामागे बसून जे पाहिले ते सांगतो. कायदा ओघाने येईलच.

दक्षिण महाराष्ट्रातील बाजारपेठेच्या एका गावी मी शाखाधिकारी होतो. २०१७ सालच्या उन्हाळ्यात आमचे एक जुने खातेदार सकाळीच केबिनमध्ये येऊन बसले. धान्याची अडत, वयाने माझ्याहून दहा वर्षे मोठे, कॅश क्रेडिट खात्याचा व्यवहार असा की तपासनीसाला बोट ठेवायला जागा मिळू नये. त्यांनी तहसील कार्यालयाची एक नोटीस माझ्यापुढे सरकवली. जमीन महसुलाची थकबाकी जशी वसूल करतात, तशी त्यांच्याकडून बारा लाखांहून अधिक रक्कम वसूल करावयाची होती. “साहेब, आजवर कोणाचा छदाम बुडवला नाही. आणि माझ्या घरावर बोजा?” त्यांचा आवाज कापत होता.

हकिकत अशी. मार्च २०१२ मध्ये त्यांच्या गोदामात तुरीच्या पोत्यांची थप्पी कोसळली आणि खाली उभा असलेला हमाल तीत सापडला. वय पस्तीस. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात त्याचा अंत झाला. शेठजींनी रुग्णालयाचे बिल भरले, अंत्यविधीचा खर्च केला आणि तेराव्या दिवशी गावातील चार प्रतिष्ठितांसमक्ष अडीच लाख रुपये रोख दिले. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून घेतले की आमची काही तक्रार नाही, पुढे काही मागणी करणार नाही. खाली दिराची सही आणि विधवेचा अंगठा. यात लबाडी कोठेही नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. त्या पेठेत एवढी रक्कम तोवर कोणी दिली नव्हती आणि शेठजींना त्याचे समाधानही होते.

पुढे वर्ष-सव्वा वर्षाने त्या बाईंनी भरपाई आयुक्तांकडे अर्ज केला. शेठजींनी आपला मुद्रांक पुढे केला. तो कागद कामाला आला नाही. कामगाराने किंवा त्याच्या वारसाने भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्याने मुळातच शून्य ठरतो. मग त्यावर चार साक्षीदार असोत की चाळीस.

मग त्यांनी अडीच लाखांचा दाखला दिला. येथे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसलेली तरतूद आडवी आली. कामगार मृत्युमुखी पडला असेल, तर भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. मालकाने वारसाच्या हाती दिलेली रक्कम कायद्याच्या हिशेबी भरपाई म्हणून धरलीच जात नाही. अपवाद एवढाच की मृताच्या तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल मालकाने आश्रितांना दिली असेल, तर ती वजा मिळते. त्या हमालाची मासिक कमाई सात हजार रुपये धरली गेली होती. म्हणजे अडीच लाखांपैकी एकवीस हजार जमेस धरले गेले. बाकी सारे शेठजींच्या पुण्याच्या खात्यात!

“थप्पीखाली उभा राहू नको, असे त्याला दहा वेळा सांगितले होते,” हा त्यांचा तिसरा मुद्दा. कामगार नशेत असणे, सुरक्षिततेचा नियम त्याने जाणूनबुजून मोडणे, हे बचाव कायद्यात आहेत. परंतु ते किरकोळ दुखापतीपुरते आणि अंशतः अपंगत्वापुरते. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर ते बचाव चालत नाहीत. मालकाची चूक होती का, हा प्रश्नही तेथे विचारला जात नाही. अपघात कामातून आणि कामाच्या ओघात घडला का, एवढेच पाहिले जाते.

“तो माझा कायमचा नोकर नव्हता, रोजंदारीवर होता,” हा चौथा. धंद्याच्या कामासाठी लावलेला नैमित्तिक मजूर पूर्वीही कायद्याबाहेर नव्हता, आणि २००० सालच्या दुरुस्तीनंतर तर ‘नैमित्तिक’ या शब्दाचा आडोसाच उरला नाही. नेमणूकपत्र नाही, हजेरीपट नाही, म्हणून जबाबदारी नाही, असा समज आपल्या पेठांमध्ये फार पसरला आहे. प्रत्यक्षात कागद नसल्याने मालकाचेच नुकसान होते, कारण मग वेतन किती हे समोरच्या बाजूच्या साक्षीवरून ठरते.

आता आकडे पाहू. मृत्यूच्या बाबतीत भरपाईचे सूत्र सोपे आहे : मासिक वेतनाचे निम्मे, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. पस्तिसाव्या वर्षाचा गुणक १९७.०६. साडेतीन हजारांना त्याने गुणले की ६,८९,७१० रुपये होतात. ही रक्कम अपघातानंतर महिन्याभरात जमा करावयाची होती. ती झाली नाही, म्हणून त्यावर दरसाल १२ टक्के सरळ व्याज. पाच वर्षांचे व्याज चार लाखांच्या वर गेले. समाधानकारक कारणावाचून विलंब केला, तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड बसू शकतो. आयुक्तांनी तो दीड लाखावर थांबवला. असे बारा लाख झाले. आधीचे अडीच लाख निराळे.

व्याज केव्हापासून, यावर शेठजींच्या वकिलांनी बराच खल केला होता. निकाल लागला तेव्हापासून धरावे, असे त्यांचे म्हणणे. हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच मिटवलेला आहे. ते प्रकरण ओडिशातील जेपूर येथील. चित्रपटगृहाच्या नक्षीकामावर असलेला एक सुतार १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे, एक हात शाबूत आहे, तेव्हा अपंगत्व अंशतः धरावे. न्यायालय म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही. जे काम तो करीत होता त्या कामापुरते हे पूर्ण अपंगत्व आहे. आणि भरपाईचे देणे निकालाच्या दिवशी नव्हे, तर इजा झाली त्याच दिवशी उत्पन्न होते. त्या मालकालाही निम्मा दंड आणि व्याज सोसावे लागले. ‘प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबत’ या नावाने तो निवाडा आजही प्रत्येक भरपाई न्यायाधिकरणात उद्धृत होतो.

शेठजींनी त्या दिवशी मला विचारले, “मी दिलेले पैसे मग गेले कोठे?” त्याचे उत्तर मला काही महिन्यांनी मिळाले. वसुलीची रक्कम जमा झाल्यावर आमच्याच शाखेकडे आदेश आला : दोन अज्ञान मुलांच्या नावे मुदत ठेवी कराव्यात, परवानगीवाचून मोडू नयेत, त्यांवर कर्ज देऊ नये, व्याज आईच्या बचत खात्यात जमा करावे. त्या बाई मुलांना घेऊन सह्या करायला आल्या. मी सहज विचारले, “ताई, तेव्हा अडीच लाख मिळाले होते ना?” त्या म्हणाल्या, “मोठ्या दिरानं घेतले, साहेब. घराचं पत्र्याचं काम केलं, उधारी फेडली. मला तीस हजार दिले. अंगठा कशावर लावला ते मला कोणी वाचून दाखवलं नव्हतं.”

चाळीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला या उत्तराचे नवल वाटायला नको होते. निरक्षर खातेदाराचा अंगठा घेताना आम्ही मजकूर वाचून दाखवतो, साक्षीदाराची सही घेतो, फोटो लावतो. तो नियम कोणत्या अनुभवातून आला हे आम्ही विसरून जातो. भरपाई आयुक्तांमार्फतच द्यावी, ही तरतूद मालकाला छळण्यासाठी केलेली नाही, हे मला त्या टेबलावर कळले. तेराव्या दिवशी त्या घरात शुद्धीवर असलेली व्यक्ती पैसे घेते. पैसे जिला हवेत ती तेव्हा शुद्धीवर नसते.

मला मनापासून वाटते की आपली मूळ गफलत हिशेबाची आहे. अपघातानंतर दिलेली रक्कम आपण मनातल्या मनात दानाच्या खात्यात लिहितो. दान दिल्यावर देणारा मोठा होतो, घेणारा मिंधा होतो, आणि किती द्यायचे हे देणारा ठरवतो. भरपाईचे तसे नाही. ती व्यापाऱ्याच्या हुंडीसारखी आहे : रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, घेणारा ठरलेला. हुंडीचे पैसे घेणाऱ्याच्या शेजाऱ्याला देऊन आपण कधी मोकळे झालो आहोत का? अहिंसाणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘अतिभारारोपण’ सांगितले आहे. शक्तीबाहेर भार लादणे हा दोष आहे, असे आपण स्वाध्यायात दरवर्षी वाचतो. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा माणूस त्या शब्दाच्या कक्षेत येतो की नाही, याचा विचार ज्याचा त्याने करावा. मी मुद्द्याकडे वळतो.

आजचे आकडे मोठे आहेत. हिशेबासाठी धरावयाच्या मासिक वेतनाची कमाल मर्यादा २०१० पासून आठ हजार होती. ३ जानेवारी २०२० पासून ती पंधरा हजार झाली. चाळीस वर्षांचा, पंधरा हजार वा त्याहून अधिक वेतनाचा कामगार दगावला, तर ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. तोच माणूस जगला पण कायमचा पूर्ण अपंग झाला, तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात, आणि रक्कम १६,५७,५३० होते. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली, असे परिशिष्ट सांगते. शिवाय २००९ च्या दुरुस्तीपासून इजेवरील औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडे आहे, आणि तो भरपाईत धरला जात नाही.

एका आघातात चौदा-सोळा लाख काढून देऊ शकेल, अशा पेढ्या आपल्यात किती? म्हणून विमा. आणि येथे मला आमच्या व्यवसायाची चूक कबूल केली पाहिजे. शेठजींच्या त्या गोदामातील मालाचा आगीचा आणि चोरीचा विमा होता. तो दरवर्षी नूतन होतो की नाही, हे मी स्वतः पाहत असे. चार दिवस उशीर झाला तर आम्ही हप्ता परस्पर खात्याला नावे टाकत असू. माल आमच्याकडे तारण होता ना! ती थप्पी रचणाऱ्या माणसांचा विमा आहे का, हे मी त्यांना एकदाही विचारले नाही. तपासणीच्या छापील नमुन्यात तसा रकानाच नव्हता, एवढे कारण मी स्वतःला देतो. ते पुरेसे नाही.

कर्मचारी भरपाईची पॉलिसी जवळपास प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीकडे मिळते. हप्ता कामाच्या स्वरूपावर आणि जाहीर केलेल्या एकूण वेतनावर ठरतो. गादीवर बसणाऱ्या मुनिमाचा कमी, पोती उचलणाऱ्याचा जास्त. हप्ता वाचवण्यासाठी वेतन कमी दाखवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण दाव्याच्या वेळी खरे वेतन बाहेर येतेच आणि फरक आपल्या अंगावर पडतो. औषधोपचाराचा खर्च आणि कंत्राटदाराची माणसे पॉलिसीत धरली आहेत का, हे वाचून पाहावे. पुष्कळदा त्यासाठी वेगळा हप्ता भरून तसे नमूद करून घ्यावे लागते. आणखी एक गोष्ट : भरपाई आणि तिच्यावरील व्याज विमा कंपनीकडून मिळू शकते, परंतु विलंबाचा दंड मालकाने स्वतःच्या खिशातून द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगून ठेवले आहे. तेव्हा पॉलिसी आहे म्हणून अर्जाचे कागद कपाटात ठेवून देऊ नयेत. मृत्यूची किंवा गंभीर इजेची सूचना सात दिवसांत द्यावयाची असते.

ज्यांच्याकडे दहा किंवा अधिक माणसे आहेत, त्यांच्यापुढे कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआयचा मार्ग आहे; तो ऐच्छिक नाही. मालकाचा वाटा वेतनाच्या सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. कामगार ईएसआयखाली असेल, तर कामावरील अपघाताचा लाभ, मृत्यूनंतर आश्रितांना मिळणारे मासिक वेतनही, महामंडळ देते आणि मालकावर भरपाईचा वेगळा दावा होत नाही. मात्र दोन फटींकडे लक्ष असावे. ज्याचे वेतन एकवीस हजारांच्या पुढे गेले तो जुना, विश्वासू माणूस योजनेबाहेर पडतो, आणि त्याची भरपाईची जबाबदारी पुन्हा आपल्याकडे येते. दुसरी फट म्हणजे ज्याचे नावच नोंदवले नाही तो. महामंडळ त्याला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. माथाडी मंडळाकडे नोंदलेल्या हमालांचा व्यवहार मंडळामार्फत चालतो, तो विषय स्वतंत्र. शेठजींचे गोदाम बाजार आवाराबाहेर होते आणि तो हमाल कोणाच्याच नोंदीत नव्हता.

कंत्राटाविषयीही एक भ्रम आहे. ‘माल भरण्या-उतरवण्याचे काम मुकादमाला अंगावर दिले आहे, माणसे त्याची.’ जे काम आपल्या धंद्याचाच नेहमीचा भाग आहे ते कंत्राटाने दिले, तरी भरपाईची मागणी मूळ मालकाकडे करता येते. मालकाने ती देऊन नंतर मुकादमाकडून वसूल करावी, असा कायद्याने दिलासा दिला आहे. मुकादमाकडे वसूल करण्यासारखे काय असते, हे आपण जाणताच.

आता नवीन काय? १९२३ चा कायदा, जो १ जुलै १९२४ पासून शंभर वर्षे चालला, तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अंमलात आली. वर सांगितलेला सांगाडा संहितेत जवळपास तसाच आहे. एक भर महत्त्वाची : घरून कामावर येताना किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघात, वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला, तर कामातीलच धरला जाईल. त्याआधी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखालीही हाच अर्थ लावला. ते प्रकरण आपल्या धाराशिव भागातील. साखर कारखान्याचा एक पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये दिले, उच्च न्यायालयात तो आदेश टिकला नाही, आणि त्या कुटुंबाला न्याय मिळाला तो बावीस वर्षांनी. पहाटे बाजाराला माणूस बोलावणाऱ्या, रात्री उशिरा दुकान बंद करणाऱ्या प्रत्येकाने या निकालाची नोंद घ्यावी.

शेठजी आता हयात नाहीत. पेढी त्यांचा धाकटा मुलगा पाहतो. गेल्या दिवाळीला वहीपूजनाच्या निमित्ताने त्याने मला आवर्जून बोलावले होते. पूजन झाल्यावर त्याने कौतुकाने एक फाइल दाखवली : हजेरीपट, बँकेत जमा होणारी वेतने, भरपाईची पॉलिसी. मी पॉलिसीवरील माणसांची संख्या पाहिली. सात. गोदामाच्या दाराशी मिठाईचे पुडे घेणारी माणसे मी नुकतीच मोजली होती. नऊ.

“ते दोघे आठवड्यातून दोनच दिवस येतात, काका,” तो म्हणाला.

“त्या दोन दिवशी थप्पी रचायला जातात ना?”

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने दोघांना नावाने हाक मारून आत बोलावले, त्यांची वये विचारली, आणि विमा एजंटाला फोन लावला. एजंट म्हणाला, आज सण आहे, उद्या बघू. मुलगा म्हणाला, “माल उद्या सकाळी सहालाच उतरायचा आहे. नावे आत्ताच लिहून घ्या.”